पिग्मी, पतसंस्था आणि तीन पायऱ्या : न दिसणाऱ्या गिऱ्हाईकाचा रिव्ह्यू

पहिलंच सांगतो, हे सगळं मी फोनवर बोलून टाईप करतोय. मला दिसत नाही. त्यामुळे फोन मधेच काजूचं काजळ करतो आणि पूर्णविराम त्याच्या मनात आलं तरच देतो, तेवढं चालवून घ्या. रिव्ह्यू आहे आमच्या तालुक्याच्या बाजारातल्या एका पतसंस्थेचा, म्हणजे तिच्या पिग्मी खात्याचा (रोज थोडे थोडे पैसे भरायचं खातं) आणि तिथून मी घेतलेल्या 25 हजारांच्या कर्जाचा. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यातले दोन संचालक आईच्या माहेरच्या नात्यातले निघतील आणि रविवारी चहाला येऊन बसतील, ते नको.

माझा स्टॉल आहे सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला, वेळागरच्या रस्त्यावर, सुरूच्या झाडांजवळ. कोकम सरबत, लिंबू सोडा, खाजा, शेंगदाण्याचे लाडू, मे महिन्यात आंबापोळी फणसपोळी. आधी रातांधळेपणा होता, मग हळूहळू दिवसाचंही गेलं, विशीत सगळं बंद. सर्टिफिकेटवर 100 टक्के लिहिलंय, शाळेत कधी मिळाले नाहीत ते इथे मिळाले. सरकारी कागदावर आधी अपंग होतो आता दिव्यांग आहे, गावात अजून आंधळोच म्हणतात, त्याचं मला काही नाही, हिशोब नीट द्या म्हणजे झालं.

तर हिशोब. स्टॉलवर दिवसाला सहाशे सातशेचा धंदा, सीझनला जास्त, पावसात शून्य. त्यातून बाजूला पडणार शंभर दीडशे. आता दीडशे रुपये भरायला बँकेत कोण जातं? मला जायचं तर एसटी बघा, सोबत माणूस बघा, तिथे टोकन बघा, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी बघा, आणि एवढ्यात अर्धा दिवस स्टॉल बंद. म्हणून पैसे डब्यात राहायचे. डब्यातले पैसे म्हणजे घरातल्या सगळ्यांचे पैसे. आणि बँकेत जे काही होतं त्याचं पासबुक भाचा वाचून दाखवायचा. पोरगा चांगला आहे, पण मामाच्या खात्यात किती आहेत हे त्याला कळलं की त्याच्या आईला कळतं, तिला कळलं की तिच्या नवऱ्याला कळतं आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या रिक्षाचं काम निघतं. हसू नका, दोनदा झालंय.

त्यामुळे कुठलीही बँक, ॲप, पतसंस्था असो, मी एकच बघतो. माझा पैसा किती आहे हे कोणाला न विचारता मला कळतं का, आणि कोणाला न सांगता मला तो वापरता येतो का. व्याज, एसी, मॅनेजर हसून बोलतो का वगैरे नंतर.

पिग्मी ज्यांना माहीत नाही (मुंबईकर चाकरमान्यांसाठी सांगतोय), रोज एक माणूस दारात येतो, तुम्ही द्याल ते घेतो, दहा रुपये तर दहा, पावती देतो, वर्षाने व्याजासकट मिळतात. ही पद्धत मुळात आपल्याच किनाऱ्यावरची, खाली उडुपीला सिंडिकेट बँकेने 1928 साली काढली, तेव्हा रोज दोन आणे सुद्धा घ्यायचे म्हणे. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत गेली पण पिग्मी राहिली. आणि रिझर्व बँकेने बँकांना सत्तरीच्या पुढच्या आणि दिव्यांग लोकांना घरपोच सेवा द्या म्हणून सांगितलं ते नोव्हेंबर 2017 मध्ये. म्हणजे आमचा पिग्मीवाला नव्वद वर्षं अगोदर दारात येऊन उभा होता आणि त्याने कोणाला सर्टिफिकेट विचारलं नव्हतं, तो सगळ्यांकडेच जातो. मला ही गोष्ट भारी आवडते. माझ्यासाठी वेगळं काही केलेलं नाही, मासेवालीकडे जातो, सलूनवाल्याकडे जातो, तसाच माझ्याकडे.

आमचे पिग्मीवाले काका साडेसहाला येतात. त्यांच्या लुनाचा आवाज मला वळणावरूनच कळतो. "काय रे, आज किती?" "दीडशे घेवा काका." "मेल्या, धंदो बरो झालो वाटता!" असं रोजचं आमचं. हातात छोटं मशीन असतं, टुकटुक आवाज करत चिठ्ठी निघते. ती चिठ्ठी माझ्यासाठी नुसता गुळगुळीत कागद, वर काय छापलंय ते बोटाला काही कळत नाही आणि डोळ्यांनी वाचायची म्हटली तरी दोन महिन्यांत शाई उडते असं आई सांगते. पण चिठ्ठीमागोमाग मेसेज येतो. टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) लावलेला फोन कानाला धरला की तो सांगतो, आजचे इतके जमा, एकूण इतके. एकूण! हा शब्द मी एकट्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा काका समोरच उभे होते आणि त्यांना काय झालं ते कळलं नाही, म्हणाले काय रे, काय चुकला की काय. चुकलं काही नव्हतं. माझ्या पैशाचा आकडा फक्त माझ्या कानात आला होता, एवढंच.

आता तक्रार. गेल्या पावसाळ्यात मेसेज यायचे बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, म्हटलं रेंज नसेल, पावसात आमच्याकडे रेंज आणि लाईट दोन्ही माहेरी जातात. पण पाचव्या दिवशी डोक्यात किडा शिरला. काका मशीनवर काय दाबतात ते मला काय कळणार? दीडशे दिले आणि पन्नास दाबले तर? नववा दिवस उजाडला तेव्हा मी त्यांच्याशी नीट बोलत सुद्धा नव्हतो. भाच्याला सगळ्या चिठ्ठ्या वाचायला लावल्या, एकूण एक बरोबर होती. पतसंस्थेत फोन केला तर म्हणाले मेसेजवाल्या कंपनीचं रिचार्ज संपलंय, संचालकांच्या मीटिंगमध्ये घेऊ. म्हणजे तुमच्यासाठी मेसेज ही एक सोय, आहे तर आहे. माझ्यासाठी ती पावती आहे, पासबुक आहे, सगळंच ते आहे. डोळस माणसाची पावती नऊ दिवस छापली नाही तर तो ऑफिसात जाऊन टेबल उलटं करेल. आणि काकांवर संशय घेतला त्याचं मला फार वाईट वाटलं, विश्वास ठेवणं वेगळं आणि ठेवण्यावाचून इलाज नसणं वेगळं, ते नऊ दिवस मी दुसऱ्यात होतो. त्यांना नंतर सांगितलं खरं. म्हणाले, "माका कळला होता रे, तू चिठ्ठी घडी करून वेगळ्या खिशात ठेवक लागलंस तेव्हाच." बघा.

मधेच एक गोष्ट सांगतो, विषयाला धरूनच आहे. स्टॉलवर माझं सगळ्यात आवडतं यंत्र म्हणजे क्यूआरवाला स्पीकर. "तीस रुपये प्राप्त झाले." ज्याने बनवला त्याच्या मनात आंधळा दुकानदार नसणार, पण माझ्यासाठी याच्याइतकी सोय आजवर कोणी केली नाही. आधी लोक फोन नाकासमोर धरून म्हणायचे झालं बघा, मी काय बघणार, हो म्हणायचं. त्यातले किती झाले नि किती नाही देवाला ठाऊक. पण या स्पीकरचंही एक आहेच, तो ओरडतो. दिवसभराची माझी कमाई शेजारचा नारळपाणीवाला नुसता बसल्या बसल्या मोजतो आणि संध्याकाळी मला सांगतो आज अकराशेच्या वर गेलास हां. मग मी आवाज कमी करतो, मग मलाच ऐकू येत नाही. एक इअरफोनचं भोक दिलं असतं तर काय बिघडलं असतं.

रोख नोटांचं म्हणाल तर नवीन नोटांवर उठावाच्या खुणा आहेत, शंभरला त्रिकोण आणि कडेला चार रेघा, पाचशेला गोल आणि पाच रेघा, दोनशेवर इंग्रजी एच आणि रेघांमध्ये दोन बारके गोल. कोऱ्या नोटेवर मस्त कळतं. पण आमच्याकडे नोट मासळी बाजारातून फिरून ओली होऊन येते, खारी हवा, घामाचे हात, महिन्याभरात त्रिकोण सपाट. दहा वीस पन्नासवर तर ती खूणही नाही. मग उरते लांबी. शंभरपेक्षा दोनशेची नोट फक्त 4 मिलीमीटर लांब आहे. मी पुठ्ठ्याला खाचा पाडून माप केलंय, त्यात नोट सरकवून बघतो. रिझर्व बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, 2020 च्या एक जानेवारीला आलं, इंटरनेट नसलं तरी चालतं, कॅमेरा धरला की नोट सांगतं. शांत वेळी ठीक. पण समोर पुण्याची बस उतरलीय, बावीस जण सरबत मागतायत, आणि मी नोटेचा फोटो काढतोय, हे काही जमत नाही. पुठ्ठाच बरा.

आता कर्ज. इथे रिव्ह्यूचे स्टार जरा खाली येणार.

मला डीप फ्रीझर घ्यायचा होता, सीझनच्या आधी. पिग्मीत 38 हजार जमा होते. पिग्मीवर कर्ज म्हणजे तुमचेच पैसे तारण, जमा रकमेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत देतात, जामीनदार लागत नाही. शेजारच्या मासेवाल्या आक्काने गेल्या वर्षी घेतलेलं, वीस मिनिटांत सही करून पैसे घेऊन आली. मी गेलो तर क्लार्क म्हणाला घरचा कोणीतरी दिसणारा माणूस सहअर्जदार म्हणून आणा. म्हटलं कशाला? तर म्हणे तुम्हाला वाचता येत नाही, उद्या म्हणाल मला माहीत नव्हतं. म्हटलं आक्का चौथी पास आहे, तिने तुमच्या त्या चार पानी अर्जातलं काय वाचलं? आणि सही नको अंगठा द्या म्हणाला. मला सही येते! पंधरा वर्षं करत होतो, हात विसरला नाही. जुन्या एटीएम कार्डाला मी लांबट खिडकी कापून ठेवलीय, ती रेघेवर ठेवली की सही सरळ येते. ती दाखवली तर ऑफिसातले दोघं तिघं बघायला जमा झाले, सही कोणी घेईना.

सहअर्जदार म्हणजे कोण, तर भाचा किंवा त्याचा बाप. म्हणजे पिग्मी उघडून जे मिळवलं होतं ते तिथेच परत द्यायचं. मी नाही म्हटलं.

घरी येऊन फोनवर शोधत बसलो. रिझर्व बँकेने जून 2008 मध्येच बँकांना कळवलंय की न दिसणारा माणूस कायद्याने करार करायला पात्र आहे, त्याला चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज कशालाही नाही म्हणायचं नाही. हे मला आधी माहीत असतं तर एका बँकेने (नाव नको) सात वर्षांपूर्वी मला चेकबुक नाकारलं तेव्हा तोंडावर मारलं असतं. मी ते सर्क्युलर घेऊन पतसंस्थेत गेलो, मोठ्या ऐटीत, तर तिथले एक संचालक म्हणाले, "आम्ही रिझर्व बँकेत येत नाही, आम्ही सहकार खात्यात." आणि खरं आहे ते. पतसंस्था राज्याच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली असतात, बँकांचं सर्क्युलर त्यांना थेट लागू नाही. माझा फुगा फुटला. याच कारणाने हेही लक्षात ठेवा की बँकेतल्या ठेवीला जो 5 लाखांपर्यंत विमा असतो तो पतसंस्थेला नाही. मी सुद्धा वर्ष झालं की पिग्मी मोडून पैसे बँकेत टाकतो, तिथे साठवत नाही. काकांना हे आवडत नाही पण असो.

मग सापडलं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं तेरावं कलम. त्यात सरळ लिहिलंय की दिव्यांगांना इतरांइतकाच हक्क आहे, मालमत्ता ठेवायचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळायचा आणि कर्ज मिळवायचा. हे मी छापून घेतलं, खाली चार ओळी लिहिल्या (लिहिल्या म्हणजे बोललो) की माझेच 38 हजार तारण असताना मला सहअर्जदार का आणि आक्काला का नाही, ते लेखी द्या. "लेखी द्या" या दोन शब्दांना आपल्याकडे फार वजन आहे. त्या दिवसापासून मला खुर्ची मिळायला लागली.

मॅनेजर मॅडम बऱ्या निघाल्या. त्यांनी खरं ते सांगितलं, "नियम असा नाही, पण पद्धत आहे." पद्धत! कोकणात नियम बदलेल, पद्धत नाही बदलणार. पण त्यांनी मीटिंगमध्ये विषय घेतला, तीन आठवडे गेले, आणि ठरलं असं की मॅडम सगळ्या अटी मोठ्याने वाचून दाखवणार, ऑफिसातलाच एक माणूस साक्षीदार, आणि सही मी करणार. कागद आधी घरी पाठवा म्हटलं तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. उघडली तर फोन म्हणतो, "इमेज. इमेज. इमेज." कागदाचे फोटो काढून पीडीएफ केलेली! डोळसांना वाटतं फाईल दिली म्हणजे झालं. फोटोतली अक्षरं माझा टॉकबॅक वाचत नाही, टाईप केलेलीच लागतात. मॅडमना सांगितलं तर त्यांनी रात्री घरून सगळ्या अटी मेसेजमध्ये टाईप करून पाठवल्या, अकरा मेसेज, स्पेलिंगच्या चुकांसकट. ते मी जपून ठेवलेत.

वाचल्यावर कळलं की मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि सहा महिन्यांच्या आत पिग्मी मोडली तर 3 टक्के कापतात. ही दुसरी गोष्ट मला खातं उघडताना कोणी सांगितलीच नव्हती. आक्काला विचारलं, तिलाही नाही. आता स्टॉलच्या रांगेतल्या चौघांना मी त्यांच्या कर्जाच्या अटी सांगतो, फुकट.

व्याज 12 टक्के. माझ्या पिग्मीवर मला साडेतीन आणि माझ्याच पैशावर मी देणार बारा, हे गणित कोणी काढलं त्याला एकदा भेटायचंय. पण हप्ता रोजचा, 75 रुपये, काकाच घेऊन जातात, ते सोपं पडतं. महिन्याला एकदम बावीसशे काढायचे म्हटले असते तर जमलं नसतं. फ्रीझर मार्चमध्ये आला, मे महिना चांगला गेला.

सरकारी कर्जाचं कोणी विचारेल म्हणून सांगतो, केंद्राचं महामंडळ 1997 पासून आहे आणि राज्याचं दिव्यांग वित्त विकास महामंडळ 2002 पासून, 40 टक्के किंवा त्याच्या वरचं सर्टिफिकेट लागतं, व्याज पतसंस्थेपेक्षा कमी. मोठ्या धंद्याला तेच बघा. मला 25 हजारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला फेऱ्या परवडल्या नसत्या, एका फेरीला स्टॉल बंद धरून सातशे आठशे जातात.

बाकी ठिकाणांचा अनुभव थोडक्यात. एटीएम : 2014 च्या जुलैपासून नवीन बसवलेलं प्रत्येक एटीएम बोलकं आणि ब्रेलचं असलं पाहिजे असा रिझर्व बँकेचा नियम आहे. आमच्याकडच्या एकाला आहेत ब्रेलची बटणं. आवाज ऐकायला पिनवाला इअरफोन लागतो. मी नेला ब्लूटूथवाला. दुसऱ्या वेळी पिनवाला घेऊन गेलो तर भोकात कोणीतरी काडी मोडून ठेवलेली. तिसऱ्यांदा गेलो नाही. विमा : बँकेत जो वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा मिळतो तो मागितला, तर काउंटरवरचा म्हणाला तुला कशाला, त्यात डोळे गेले तर पैसे मिळतात, तुझे तर गेलेलेच. त्याला वाटलं विनोद झाला. 2 लाख मृत्यूवर मिळतात, हातपाय गेले तर मिळतात, आणि मी रोज हायवेच्या कडेने काठी घेऊन चालतो. काढला विमा.

ऑनलाईन खातं उघडायला गेलो तर व्हिडिओवर म्हणे चेहरा गोलात आणा, डोळे मिचकावा. गोल कुठेय ते कसं कळणार! मी वीस मिनिटं फोनसमोर मान हलवत डोळे मिचकावत होतो, आईला वाटलं अंगात आलं. यावर सुप्रीम कोर्टाने 30 एप्रिल 2025 ला निकाल दिलाय, ॲसिड हल्ला झालेल्या आणि न दिसणाऱ्या लोकांनी केस केलेली, कोर्ट म्हणालं डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि केवायसी, म्हणजे ओळख तपासणी, आम्हाला जमेल अशी करा, नुसत्या डोळे मिचकावण्यावर अडवू नका, अशा वीस सूचना दिल्या. ॲपवाल्यांपर्यंत कधी पोचतंय बघू.

आणि आईचं सांगायलाच पाहिजे. तिच्याकडे कसलं सर्टिफिकेट नाही, डोळे शाबूत, हातपाय शाबूत. पण वीस वर्षं काजू फॅक्टरीत. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, राख लावा खोबरेल लावा, बोटं सोलतातच. एका ग्राहक सेवा केंद्रात पैसे काढायला गेली तर अंगठा लागेना. दहाही बोटं लावून झाली. मशीन म्हणतं ही ती नाही. बाई समोर उभी, आधार हातात, शेजारीण साक्षीला, आणि मशीनला ओळख पटत नाही. त्या केंद्रवाल्याने उद्या हात धुवून या सांगितलं. हात धुवून! शेवटी बँकेत जाऊन स्लिपवर सही करून काढले. मी सही करायला जातो तर अंगठा मागतात, तिचा अंगठा उमटत नाही तिला सहीपर्यंत पोचू देत नाहीत, घरात आम्ही दोघं आहोत आणि दोघांचं उलट. पोस्टाच्या पेमेंट बँकेचे पोस्टमनदादा मात्र घरी येतात, माझे निराधारचे पैसे मी पडवीत बसून घेतो, मोजून हातात देतात आणि प्रत्येक नोट तोंडाने बोलतात, त्यांना कोणी शिकवलं नसणार.

पायऱ्यांवर यायचं राहिलं. पतसंस्था पहिल्या मजल्यावर नाही हे नशीब, पण तीन पायऱ्या आहेत, उंच, रॅम्प नाही. मला चालतं. माझा मित्र आहे पोलिओवाला, साईड चाकांच्या स्कूटरवर येतो, त्याला रस्त्यावरून हाक मारावी लागते मग क्लार्क बाहेर येऊन पैसे घेतो. म्हणजे ह्याचा सगळा व्यवहार भर बाजारात, किती भरले किती काढले वडापाववाल्यालाही ठाऊक. मॅडमना म्हटलं रॅम्प करा, म्हणाल्या इमारत भाड्याची आहे. फळीचा रॅम्प भाड्याच्या इमारतीलाही लागतो, पण मी एकदम दोन मागण्या लावून धरल्या असत्या तर कर्जच गेलं असतं, म्हणून गप्प बसलो, तेही इथे कबूल करतो. त्याची आणि माझी एक खटपट चालू आहे, बचत गटाची. उमेदमध्ये (सरकारचं बचत गटांचं अभियान) एरवी गट दहा बायकांचा लागतो पण दिव्यांगांचा पाच जणांचाही चालतो आणि त्यात पुरुष बायका एकत्र चालतात. आम्ही चार झालोय. पाचवी एक ताई आहे आरवलीकडची, ऐकू येत नाही तिला, तिचे वडील म्हणतात घरात विचारून सांगतो. तिला विचारा म्हटलं.

स्टार : पिग्मीला 4, मेसेज बंद पडले नसते तर 5. कर्जाला अडीच, त्यातले दोन मॅडमच्या अकरा मेसेजचे. पायऱ्यांना शून्य. व्याजाला काही देत नाही.

जाणार असाल तर आठवडा बाजाराच्या दिवशी जाऊ नका, कोणाचाच आवाज कोणाला ऐकू येत नाही. साडेदहानंतर जा, त्याआधी क्लार्क देवपूजा करतो. खातं उघडतानाच सांगा की मेसेज मराठीत हवा आणि सही मी करणार, नंतर बदलायला परत अर्ज लागतो. माझ्यासारखे असाल तर मधली पायरी बाहेरच्या बाजूला तिरकी आहे, कठडा नाही, उजव्या हाताने भिंत धरा, आत शिरल्यावर खडखडणारा पंखा ऐकू येईल, त्याच्या खाली कर्जाचं टेबल, आणि डावीकडे काचेमागे मॅडम.